शिवणीतलं मेण

२ फेब्रुवारी

बोलून गेले! तोंडाला कुलूप का नाही मला?

लाल फुग्याचा शेंडा फाटला आज. शेंडा म्हणजे आमच्या माणसं वर नेणाऱ्या फुग्याचा सगळ्यात वरचा भाग, गरम हवा जाऊन बसते तो. मालक डोक्याला हात लावून बसले. बाहेर शिवायला पाठवला तर महिना जाणार, आणि बारा तारखेला तर तपासनीस येणार. पायलटबाई गप्प. बाकीचे गप्प. आणि मी, जिला दोर धरायला ठेवलंय, तोंड उघडायला नाही, ती मी —

"माझे बाबा शिवतात!"

सगळे वळले.

"काय शिवतात?"

"तंबू."

हसतील असं वाटलं. हसलं कोणीच नाही. पायलटबाई म्हणाल्या, "एक टाका दाखव त्यांचा." सायकल हाणत घरी गेले, दुकानातून तंबूचा एक कोपरा उचलला, बाबांना काही न सांगता परत. पायलटबाईंनी तो पायाखाली दाबून दोन्ही हातांनी ओढला. एवढी बारीक बाई, पण लालबुंद होईपर्यंत ओढला! शिवण हलली नाही.

तर असं ठरलं. शेंडा बाबा शिवणार. बाराला तो पास झाला तर वर्षभर तिन्ही फुग्यांचं शिवणकाम आमच्या दुकानाचं. आणि मी दोरावरून थेट टोपलीत, पायलटबाईंची मदतनीस म्हणून. नापास झाला तर दोन्ही गेलं. तंबू आता कोण शिवून घेतं? तयार मिळतात. बाबा वर्षभर ताडपत्र्यांना ठिगळं लावतायत.

बाबांना सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते. कप तसाच हातात. मग म्हणाले, "फुग्याला कापड असतं?"

रात्री झोप येईल असं वाटत नाही. सायकलला कुलूप लावलं ना? लावलं. दोनदा बघून आले.

४ फेब्रुवारी

पायलटबाईंनी आज गणित शिकवलं — बाहेर थंडी किती, आत गरमी किती, त्यावरून फुगा किती वजन उचलेल. मी तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच उत्तर! "शंकासुर," त्या म्हणाल्या. आता सगळे तेच म्हणतात मला.

घरी येऊन जाहीर केलं, "आपल्या या खोलीतल्या हवेचं वजन साधारण माझ्याइतकं आहे."

आई म्हणाली, "मग रोज केर काढताना मला कशी जाणवली नाही?"

मग सगळं नीट सांगितलं. हवा तापली की पसरते, तेवढ्याच जागेत कमी मावते, म्हणून हलकी होते. बाहेरची गार हवा जड. ती खाली घुसते आणि हलकीला वर ढकलते. फुगा आपणहून वर जातच नाही. त्याला खालून रेटलं जातं.

आत्या पलंगावर गुडघे चोळत ऐकत होती. (बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच असते. गुडघे दुखतात, जीभ कधी दुखत नाही.) म्हणाली, "म्हणजे जडांनी ढकलायचं आणि हलक्यांनी वर जायचं. मग मी ढकलते खालून. जा पोरी."

हसून हसून पोट दुखलं. बाबा हसले नाहीत. मान हलवत "बरोबर, बरोबर" म्हणत राहिले. या घरात शाळेत गेलेली मी पहिली. त्यामुळे मी बोलते ते सगळं खरंच असणार असं बाबा धरून चालतात. याचीच मला भीती वाटते.

५ फेब्रुवारी

मैदानावर पहाटेचा गारठा. दोर बांधायचा लोखंडी खुंटा हाताला बर्फासारखा, टोपलीची वेताची कड मात्र नुसती गार. मी म्हटलं, खुंटा जास्त थंड आहे. पायलटबाई म्हणाल्या, "तापमापक लाव." लावला. दोन्ही सारखेच!

"लोखंड तुझ्या बोटातली ऊब भराभर ओढून नेतं, वेत नेत नाही. बोटाला कळतं ते बोटाचं चाललंय काय, खुंट्याचं नाही."

दिवसभर दिसेल त्याला हात लावत सुटले. स्टीलचा पेला, लाकडी पाट, आईचा गाल. आई म्हणाली, "कामधंदा नाही का?"

८ फेब्रुवारी

शेंडा झाला!! आणि काय झालाय! बाबांनी चार दिवस दुकानाचं दार लोटून घेतलं होतं. काठाला दुहेरी शिवण, कडांना आईने पट्टी घातलेली. मी मैदानावरून येईपर्यंत सगळं घडी घालून तयार. बाबांनी मला तो नुसता दाखवायला पुन्हा उलगडला. अंगणभर लाल!

"पाण्याचा थेंब शिरणार नाही यातून," बाबा म्हणाले.

मी शिवणीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. मला इतकं भरून आलं की मी काहीतरीच बोलले. म्हणाले, "बाबा, तुम्ही शाळेत गेला असतात तर पहिले आला असतात." बाबा म्हणाले, "शाळेत शिवण शिकवतात?"

आज मला काहीही द्या, मी उड्या मारेन. मग उगाचच सायकलवर चक्कर मारली. मी सायकल चालवली नाही, सायकलीनेच मला फिरवलं!

तीच तारीख, संध्याकाळ

अरे देवा.

वीज गेली. आईने मेणबत्ती लावली. मी ती उचलून टेबलावर ठेवायला गेले आणि मेणाचा थेंब बोटावर पडला. फुंकर मारली. थेंब पांढरा झाला. बोटावर गुळगुळीत. त्यावरून दुसरं बोट फिरवलं आणि तसाच उभी राहिले — नाही, तशीच. अक्षरही धड येत नाही.

"बाबा, शिवणीला मेण लावलंत?"

"मग काय, कोरडी देईन होय? दोनदा फिरवलं. तंबूला एकदाच फिरवतो."

तंबूच्या शिवणीला मेण लावतात. सुईची भोकं बुजतात, पाणी गळत नाही. माझ्या आजोबांनी लावलं, बाबा लावतात, मला चालता यायच्या आधी मेणाच्या गोळ्याशी खेळता यायचं. म्हणून तर दुपारी बोट फिरवूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही! शिवण म्हणजे गुळगुळीतच, असंच मला वाटत आलंय.

पण हा शेंडा आहे. सगळ्यात गरम हवा तिथेच. पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते त्याच्या जवळपास. आणि मेण त्याच्या कितीतरी आधीच वितळतं.

पाऊस पडेल. टोपलीत मेणाचा पाऊस पडेल. मालकांच्या टकलावर थेंब, थेंब, थेंब. मी इथे बसून हसतेय आणि रडतेय. आई विचारते काय झालं. खाली ज्वाळा असते! मेण पेटतं! यात हसण्यासारखं काय आहे?

टक्कल आहे, त्याला मी काय करू.

९ फेब्रुवारी

सकाळी बाबांना सांगितलं. आधी विश्वासच नाही.

"तीस वर्षं तंबूंना मेण लावतोय. एक तंबू वितळला नाही."

"तंबूत आग पेटवत नाहीत, बाबा."

"उन्हात तापतो की."

"तेवढं नाही तापत."

वाद नको म्हणून मी पातेल्यात पाणी ठेवलं गॅसवर, त्यात तापमापक, आणि उरलेल्या कापडाची मेण लावलेली एक चिंधी. आम्ही चौघंही ओट्याशी. पाणी कोमट झालं, काही नाही. गरम झालं, काही नाही. बाबा माझ्याकडे बघायला लागले. मग साठाच्या जरा अलीकडे शिवणीवरून एक पारदर्शक थेंब सुटला, वर आला, पाण्यावर तरंगायला लागला. मग दुसरा. पाणी अजून उकळायचंच होतं.

बाबांनी गॅस बंद केला. शेवटी आत्या — "शिकवलीत पोरीला. घातला तिने बापाला उकळत्या पाण्यात."

आई पदरात तोंड घालून हसली. बाबासुद्धा! पण लगेच थांबले. म्हणाले, "आधी मेण काढू. मग तुझ्या बाईंना सांग."

"आधी सांगते."

"अगं, निघालं तर सांगायची गरजच काय?"

"आणि नाही निघालं तर?"

बाबांनी चप्पल घातली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी सायकल काढली. मैदानापर्यंत वाक्य पाठ करत गेले आणि तिथे पोचल्यावर सगळं उलट्या क्रमाने बोलले: आधी चिंधी, मग पातेलं, मग मेणबत्ती, मग बाबा. पायलटबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"काढता येतं?"

"माहीत नाही."

"मग माहीत करून घे. मालकांना मी सांगते. तू बोलायला लागलीस की थांबत नाहीस."

काढून नाही टाकलं मला! अजून तरी.

१० फेब्रुवारी

निघतं! निघतं! निघतं!

घासून निघेना. गरम पाण्यात बुडवायचं तर एवढं भांडं कुठून आणणार, आणि मेण सगळ्या कापडभर पसरलं असतं. मग सुचलं. कसं सुचलं ते आता आठवतही नाही. शिवणीवर टिपकागद, त्यावर इस्त्री. इस्त्रीची उष्णता कागदातून खाली उतरते, मेण पातळ होतं, आणि कागद ते शोषून घेतो. उष्णता खाली, मेण वर!

पण इस्त्री किती गरम? कमी पडली तर मेण ढिम्म हलत नाही. जास्त झाली तर कापड नायलॉनचं. पहिल्या चिंधीला भोक पाडलं मी. वास! आई धावत आली. दुसरी चिंधी आक्रसून वाटाण्याएवढी झाली. तिसरीला इस्त्रीचं चक्र अगदी खालच्या खुणेवर ठेवलं आणि जीव मुठीत धरून दहा आकडे मोजले. कागद उचलला तर त्यावर शिवणीची पूर्ण रेघ, तेलकट, एकेका टाक्यासकट! चिंधी कोरडी. पुन्हा पातेलं, पुन्हा गरम पाणी. एकही थेंब वर आला नाही. मी ओट्याभोवती नाचले. पुन्हा एकदा करून बघितलं (शंकासुर!), तरी नाही. पुन्हा नाचले.

मग अख्खं घर अंगणात. इस्त्री बाबांनी माझ्या हातून घेतली. "दे इकडे. माझी शिवण आहे." आई कागद बदलत होती. मी कापड सरकवत होते आणि दर हाताला चक्राची खूण बघत होते. आत्या खुर्चीत बसून देखरेख. "तिथे राहिलं. अरे, तिथे नाही, तिथे. लहानपणापासून तुला डावं-उजवं कळत नाही." शेजारीपाजारी कुंपणाशी. एकाने विचारलं, "एवढी मोठी साडी कोणाची?" आत्या म्हणाली, "माझी."

दुपारनंतर बाबा गुणगुणायला लागले. पण शेवटची शिवण झाल्यावर त्यांनी ती उन्हासमोर धरली. सुईच्या भोकांतून बारीक बारीक उजेड येत होता.

"ही अशीच द्यायची?"

"एवढ्याशा भोकांतून जाऊ दे थोडी हवा. बाई म्हणाल्या, चालतं."

"अर्धवट काम आहे हे," बाबा म्हणाले. घडी घालताना पुन्हा म्हणाले, अगदी हळू.

११ फेब्रुवारी

उद्या. शेंडा फुग्याला जोडून झाला. जेवण जात नाही. टोपलीच्या सगळ्या गाठी तपासल्या. मालकांनी तपासलेल्यासुद्धा.

१२ फेब्रुवारी

काय दिवस! काय दिवस! पेन हातात धरवत नाही, दोराने तळवे सोलवटलेत, पण लिहिणार.

पहाटे थंडी. बाबा माझ्याबरोबर आलेले, स्वच्छ सदरा घालून. तपासनीस म्हणजे एक लठ्ठ, झोपाळलेले गृहस्थ, मफलर नाकापर्यंत. आधी पंख्याने साधी हवा भरली. फुगा गवतावर आडवा पडून कुशी बदलायला लागला. मग पायलटबाईंनी ज्वाळा सोडली. घोंऽऽ! फुगा उठला. आधी डोकं, मग खांदे. आज पहिल्यांदाच मी मालकांबरोबर टोपलीशी, फुग्याच्या तोंडाखाली उभी होते; मान मागे टाकून फक्त शेंडा बघत होते. लाल, गोल, आणि त्यात बाबांची शिवण सूर्याच्या किरणांसारखी चहूकडे गेलेली. इतकं सुंदर असेल असं वाटलंच नव्हतं!

आणि थेंब पडला.

टप्पकन. मालकांच्या टकलावर. अगदी मधोमध!

"थांबा!" मी किंचाळले. "मेण! मेण आहे ते! थांबा!"

ज्वाळा बंद. तपासनिसांनी मफलर खाली केला. "कसलं मेण?"

पायलटबाईंनी डोळे मिटून घेतले. आणि मी सांगितलं. सगळंच. तंबू, आजोबा, मेणबत्ती, पातेलं, टिपकागद, इस्त्रीचं चक्र, अगदी वाटाण्याएवढी झालेली चिंधीसुद्धा. बाबांकडे बघायची हिंमत नव्हती. बोलता बोलता वाटत होतं, मी दुकान बुडवतेय, माझ्या स्वतःच्या तोंडाने बुडवतेय. आणि थांबता येत नव्हतं!

तपासनीस हळूहळू चालत मालकांपाशी गेले. त्यांच्या डोक्यावरचा थेंब बोटाने टिपला. चोळला. वास घेतला. मग म्हणाले —

"पाणी आहे."

पाणी!! गॅस जळला की त्यातून वाफ निघते. वर कापड अजून गार असतं, तिथे लागली की वाफेचं पाणी होतं. दर थंडीत सकाळी पडतंच, म्हणे. मी थंडीत कधी आत मान वर करून उभीच राहिले नव्हते, मी बाहेर दोर धरून असते!

पहिल्या मालक हसले. आय्यो, चुकलं — पहिल्यांदा मालक हसले. मग सगळेच. पण तपासनिसांनी फुगा पुन्हा खाली घ्यायला लावला आणि शेंड्याची एकूण एक शिवण बोटाने चाचपली. अर्धा तास. मग त्यांनी बाबांना विचारलं, "तुम्ही शिवलंत?"

"हो. भोकं राहिलीत," बाबा म्हणाले. (बाबा!!)

"ती राहायचीच." मग माझ्याकडे वळून, "इतकं सगळं मला कोणी सांगत नाही. ऐकून दमलो. चला, वर जाऊन बसू."

आणि मी वर गेले. दोर चारी बाजूंनी बांधलेले, तरी वर! पायलटबाई, तपासनीस आणि मी. जमीन सोडली तेव्हा काही कळलंच नाही, मैदानच अलगद खाली बसलं. डोक्यावर ज्वाळेची धग, पायाशी बोचरा गारठा. वर उन्हाळा, खाली हिवाळा, मध्ये मी. धग हवेतून येत नाही, ज्वाळेकडून थेट अंगावर पडते. तोंडापुढे हात धरला की लगेच नाहीशी होते. मी दहादा हात धरला आणि काढला. तपासनीस म्हणाले, "बरं नाही का हिला?" पायलटबाई म्हणाल्या, "बरं आहे म्हणून तर."

खाली बघितलं. एक दोर, बांधलेला असूनही, बाबांनी धरला होता. सदरा सगळा घामाने भिजलेला, इतक्या थंडीत. हात केला. त्यांनी हात केला नाही. दोर सोडावा लागला असता ना.

पास!!!

१३ फेब्रुवारी

वर्षाचं काम बाबांचं, तिन्ही फुगे. मालक स्वतः दुकानात येऊन सांगून गेले. आणि मी सोमवारपासून टोपलीत!

पायलटबाई म्हणाल्या, बाबांनाही एकदा वर नेऊ. घरी येऊन मी ओरडले, "बाबा वर जाणार!" आत्याने पायातली चप्पलच फेकली. "नीट बोल मेले! कुणी ऐकलं तर रडत येतील!"

मी हसतेय तर थांबतच नाही. शाई सांडली हसताना. सांडू दे.

बाबा मात्र "बघू" म्हणाले. आई म्हणते, काल दुपारीही जेवले नाहीत, आजही नाही. तळवे दुखत असतील.

१६ फेब्रुवारी

बाबांनी फुग्यांचं काम परत केलं.

मालक दुकानात आले होते, त्यांना म्हणाले, "तंबू सांगा, ताडपत्र्या सांगा. हे नको. परकं कोणी वर जाणार असतं तर शिवलं असतं. पोरगी उभी राहते याच्याखाली. सुई लावतो आणि हात पुढे जात नाही."

मी म्हटलं, मग मी टोपलीत जात नाही. बाबा माझ्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "तू जायचंस!"

आई उठली. निळ्या फुग्याचं कापड ओढून तिने स्वतःच्या मशीनवर घेतलं. मालकांना म्हणाली, "माझ्या नावावर करा." बाबांना म्हणाली, "सरका जरा."

तेव्हापासून शिवतेय. बाबा अंगणात पाठ करून बसलेत. मध्येच मशीनचा आवाज थांबला की वळून दाराकडे बघतात. ती दोरा भरत असते. परत सुरू होतो.